हातचा एक

नोकरी-उद्योगाच्या निमित्ताने सिल्वासात स्थिरावलेल्या आपल्या घरांमध्ये मुलांच्या शाळेचा विषय निघाला की गाडी बहुधा दोन स्टेशनांवर थांबते: माध्यम कोणतं आणि फी किती. यंदा आमच्या दुसरीच्या पालकांमध्ये मात्र वेगळीच चर्चा पेटली. मुलांच्या गणिताच्या वह्या कोऱ्या होत्या.

शाळा सुरू होऊन दोन महिने झाले तरी माझ्या लेकीच्या वहीत जेमतेम चार पानं भरली होती. "आज काय शिकलीस?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आज आम्ही काड्या खेळलो." पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी दुसऱ्या शाळेतल्या मुलाच्या भरगच्च वहीचा फोटो टाकला आणि ठिणगी पडली. दोन दिवसांत मुख्याध्यापिकांना द्यायचं पत्र तयार झालं: खेळाचा तास बंद करावा आणि त्या वेळात लेखी सराव घ्यावा. ते सहीसाठी माझ्याकडेही आलं. मी म्हटलं, आधी तो तास बघून येते, मग सहीचं बोलू.

परवानगी मिळाली आणि एका सकाळी मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. चार-चार मुलांचे गट जमिनीवर बसले होते. प्रत्येक गटापुढे आइस्क्रीमच्या काड्यांचा ढीग, मूठभर रबर बँड, दोन फासे. प्रत्येक मुलापुढे खडूने आखलेली दोन घरं, एक सुट्यांचं आणि एक दशकांचं. फासे टाकायचे, जितकं दान पडेल तितक्या काड्या घ्यायच्या. सुट्यांच्या घरात नऊपेक्षा जास्त काड्या ठेवायच्या नाहीत. दहा झाल्या की जुडी बांधायची आणि शेजारच्या घरात पाठवायची. पाच जुड्या आधी होतील तो जिंकला.

थोड्या वेळाने बाईंनी खेळ उलटा केला. आता जितकं दान पडेल तितक्या काड्या परत द्यायच्या. माझ्या जवळच्या गटातल्या एका मुलाकडे चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या होत्या. दान पडलं सात. हा मुलगा काही आठवड्यांपूर्वीच ओडिशातून आलेला, वडील इथल्या कारखान्यात. त्याला गुजराती येत नव्हती आणि हिंदीही अडखळत होती. त्याने दोन काड्यांकडे पाहिलं, मग जुड्यांकडे पाहिलं. बाई शेजारीच उभ्या होत्या, पण एक शब्दही बोलल्या नाहीत. अख्खं मिनिट गेलं असेल. मग त्याने एक जुडी उचलली, तिचा रबर काढला, बारा काड्या समोर पसरल्या आणि त्यातल्या सात मोजून परत दिल्या. तीन जुड्या, पाच सुट्या. त्यानंतर बाईंनी फळ्यावर 42 - 7 लिहिलं आणि त्याने हाताने जे केलं होतं तेच आकड्यांत मांडून दाखवलं.

आपल्या गावच्या वर्गात मराठी, गुजराती, हिंदी, उडिया बोलणारी मुलं असतात. खानवेलच्या बाजूची वारली आणि कोकणा घरांतली असतात. शिकवायची भाषा यांपैकी कित्येकांच्या घरची नसते. नुसतं बोलून शिकवलं तर भाषा न येणारं मूल 'कच्चं' ठरतं. काड्यांपुढे ते सगळ्यांच्या बरोबरीला येतं. मला त्या तासात हे सर्वांत मोलाचं वाटलं.

त्या संध्याकाळी लेकीने काडेपेटी रिकामी करून आजीला 27 अधिक 15 करून दाखवले. "सात आणि पाच बारा. दोन इथे ठेवायच्या आणि ही जुडी तिकडे न्यायची. याला कॅरी म्हणतात."

सासूबाई हसल्या. "अगं, हाच तर हातचा! आम्ही आपलं 'बाराचे दोन, हातचा एक' असं घोकायचो. हातात मात्र काहीच नसायचं."

आपल्या भाषेने हा शब्द इतका नेमका घडवलाय आणि आपण तो हात न लावता पाठ करत आलोय!

ग्रुपवर कोणी या पद्धतीला नवं फॅड म्हणालं, तेव्हा मला घोलवड आठवलं. वापीहून दक्षिणेकडे निघालं की भिलाड, संजाण, उंबरगाव ही स्टेशनं मागे पडतात आणि चिकूच्या बागांचं घोलवड येतं. त्याला लागूनच बोर्डी. तिथे 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. ताराबाईंचं त्याआधीचं काम भावनगरला, गिजुभाई बधेकांबरोबर झालेलं. गिजुभाई मूळचे वकील. मारिया माँटेसरींच्या विचारांनी भारावून त्यांनी 1920 मध्ये तिथे बालमंदिर काढलं, आणि मुलांवरच्या मायेमुळे ते 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणून ओळखले गेले. ताराबाईंनी आणि गिजुभाईंनी 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. मराठी आणि गुजराती शेजारी शेजारी नांदणाऱ्या आपल्या सिल्वासाला तर ही गोष्ट घरचीच वाटायला हवी.

बोर्डीला माँटेसरींची महागडी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, खडे, बिया, पानं, माती हेच साहित्य झालं. मुलं शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळा वस्तीवर गेली आणि अंगणात भरू लागली, म्हणून अंगणवाडी. पुढे 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या वारली पाड्यांवरची मुलं गुरं राखायला जात, म्हणून त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरली, ती कुरणशाळा. केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 1975 मध्ये आली आणि तिच्या केंद्रांचं नावही अंगणवाडीच झालं. म्हणजे ज्याला आपण नवं म्हणतो ते आपल्या शेजारच्या तालुक्यात सत्तरहून अधिक वर्षांपूर्वी रुजलेलं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षं, म्हणजे दुसरीपर्यंतचा काळ, हा खेळातून शिकण्याचा पायाभूत टप्पा मानलाय. 2023 मध्ये त्यासाठी 'जादुई पिटारा' ही खेळसाहित्याची पेटीही निघाली.

पण पेटी उघडली की शिकणं आपोआप होत नाही. कोणत्या मुलाला किती वेळ द्यायचा, कुठे गप्प राहायचं, खेळ कधी थांबवून फळ्याकडे वळायचं, हे बाईंना कळावं लागतं. तयारीही दुप्पट लागते. त्यामुळे पत्र लिहिणाऱ्या पालकांची काळजी मला अगदीच पोकळ वाटली नाही. खेळ आकड्यांत उतरला नाही, तर पुढच्या इयत्तेत लेखी परीक्षेपुढे मूल गोंधळणारच.

मी सही केली नाही. पालकसभेत जे पाहिलं ते सांगितलं. बाईंनीही काड्या आणून दोन-तीन पालकांना खेळायला बसवलं. शेवटी ठरलं ते असं: चार दिवस खेळ, आणि पाचव्या दिवशी आठवड्यात हाताने जे केलं ते वहीत उतरवायचं. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. दोघांनी मुलांना शिकवणी लावली. पण खेळाचा तास टिकला.

आपल्या मंडळातल्या तरुण आई-बाबांना एवढंच सुचवेन. मुलाने आज किती लिहिलं याच्या आधी, आज कशाशी खेळलं ते विचारा. घरात एक बरणी चिंचोक्यांची आणि एक डबा काड्यांचा ठेवा. रविवारी सागरगोटे, कवड्या काढा. वारली चित्रं इथे जागोजागी दिसतात. त्यातल्या माणसांमधले त्रिकोण आणि वर्तुळं मोजायला सांगा. आणि हे सगळं मराठीत मोजा. इंग्रजी शाळेतल्या आपल्या मुलांना एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास हे आकडे कोड्यासारखे वाटतात आणि आपण ते सोडून देतो. माझ्या लेकीला ते कधी समजावून सांगावे लागले नाहीत. तिच्यापुढे चार जुड्या आणि नऊ सुट्या काड्या होत्या. ती म्हणाली, "आई, एक आली की पाच जुड्या होतील." मी म्हटलं, "म्हणूनच याला एकोणपन्नास म्हणायचं, पन्नासला एक कमी." तिने ढिगातली एक काडी उचलली आणि जुडीला रबर लावला.