जपानमधलं जुनं घर आणि खांबातली वाळवी



हिंसेचे चार प्रकार आपण लहानपणापासून पाठशाळेत म्हणत आलो आहोत: आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. स्वयंपाक, झाडलोट, घर बांधणं-दुरुस्त करणं यात जी होते ती आरंभी. गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही, पण जतनेने कमी करता येते. ठरवून, मारण्याच्या हेतूने केलेली ती संकल्पी. ती मात्र गृहस्थानेही सोडायचीच. पाठ करायला हे सोपं आहे. पण एखाद्या जुन्या घराची जमीन उकरली आणि खाली हजारो जीव निघाले, तर त्यातलं आरंभी कुठे संपतं आणि संकल्पी कुठे सुरू होतं? माझ्या लेकीच्या घराच्या निमित्ताने आम्हा सगळ्यांना याचं उत्तर शोधावं लागलं.

लेक आणि जावई बारा वर्षांपासून जपानमध्ये कोबे शहरात आहेत. मोत्यांच्या व्यापारासाठी तिथे गेलेली जैन कुटुंबं आहेत. किटानो भागात १९८५ साली उभं राहिलेलं महावीर स्वामींचं संगमरवरी मंदिर आहे. मंदिर श्वेतांबर पद्धतीचं आणि आपण दिगंबर, पण परदेशात दर्शनाला जाताना हा भेद कुणी मोजत बसत नाही. तीन वर्षांपूर्वी दोघांनी तांबा-सासायामा भागातल्या एका खेड्यात जुनं घर घेतलं. कोबेहून गाडीने तासाभराहून थोडं जास्त अंतर. चारी बाजूंना डोंगर, मध्ये भातशेती आणि त्या भागाचं प्रसिद्ध पीक म्हणजे टपोरे काळे सोयाबीन.

किंमत ऐकून आमच्या ह्यांना वाटलं, काहीतरी गोम असणार. जमिनीसकट ३८ लाख येन, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण एकवीस लाख रुपये.  मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे मला हिशेब समजून घेतल्याशिवाय चैन पडेना. जावयांनी समजावलं. तिथल्या करखात्याच्या नियमात लाकडी राहत्या घराचं आयुष्य बावीस वर्षं धरतात. बावीस वर्षं घसारा लावला की वहीत घराची किंमत जवळजवळ शून्य. नंतर विकली जाते ती जमीन, घर नुसतं सोबत येतं. शंभर वर्षं उभा असलेला खांब वहीत शून्य! त्यात तरुण माणसं शहरात गेली, गावात म्हातारी माणसं उरली, तीही गेली की घराला कुलूप. २०२३ सालच्या सरकारी पाहणीत देशभरात अशी रिकामी घरं सुमारे ९० लाख निघाली, शंभरात जवळजवळ चौदा. पाडावीत तर पाडायला खर्च, आणि घर उभं असेल तर छोट्या निवासी जागेचा कर एक षष्ठांशावर येतो. म्हणून कुणी पाडतही नाही. तिथल्या नगरपालिका अशा घरांची यादी ठेवतात आणि घेणाऱ्यांना दाखवतात.

हे घर मी पहिल्यांदा पाहिलं ते जानेवारीत. तीन महिन्यांचा व्हिसा होता. आत पाऊल टाकलं आणि वाटलं, हा तर आपला वाडा! दारातून आत आलं की आधी चोपलेल्या मातीची जमीन, तिला ते दोमा म्हणतात. तिथे चपला काढायच्या आणि वर चढून लाकडी जमिनीवर जायचं. बाहेरच्या बाजूने आपल्या ओसरीसारखी लांबलचक लाकडी पडवी, ती एनगावा. भिंती कुडाच्या: बांबूच्या कामट्यांची जाळी विणून तिच्यावर दोन्ही बाजूंनी पिंजर मिसळलेली माती लिंपलेली. आणि खांब! आपल्या वाड्यात खांब जसा तळखड्यावर उभा असतो, तसाच तिथेही प्रत्येक खांब एकेका दगडावर नुसता टेकवलेला. खाली काँक्रीट नाही. जमीन हात-दीड हात उंच, खालून वारा खेळतो. वरच्या तुळया चुलीच्या धुराने काळ्याकुट्ट झालेल्या. सुतारकाका म्हणाले, हा धूरच लाकडाचं औषध होता. रोज चूल पेटायची, धूर वर जायचा, म्हणून वर कीड लागली नाही.

वर लागली नव्हती. खाली लागली होती.

न्हाणीघराशेजारची जमीन उघडली आणि पाच खांबांचे पाय पोखरलेले निघाले. बोट लावलं तर लाकूड पापडासारखं मोडत होतं. दगडावरून खांबाकडे मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या, आपल्याकडे वाळवीच्या असतात तशाच. एक नळी तुटली होती, त्यात पांढरट जीव हळूहळू हलत होते. सहा वर्षांची नात माझा पदर धरून म्हणाली, "आजी, यांना थंडी वाजते का?"

मुंगीसारखीच वाळवीही त्रींद्रिय. तिला स्पर्श आहे, चव आहे, वास आहे. नातीच्या प्रश्नाला मी "हो" म्हणाले.

तिथली रीत अशी की वाळवी दिसली की कंपनीचा माणूस येतो, जमिनीखालच्या मातीवर आणि लाकडावर औषध फवारतो आणि बहुधा पाच वर्षांची हमी देतो. जावयांनी कोटेशन मागवूनही ठेवलं होतं. दुरुस्तीचा एकूण अंदाज ९५ लाख येन, त्यात ही रक्कम अगदी किरकोळ. लेक म्हणाली, "विष मारून मी या घरात दिवा लावणार नाही." जावई तसे शांत, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. "आई, तुम्हीच सांगा. १७ जानेवारी १९९५ ला कोबेत भूकंप झाला, सहा हजारांवर माणसं गेली. पडलेल्या लाकडी घरांत कुजलेली, वाळवीने खाल्लेली घरं किती होती ते इथल्या कुठल्याही सुताराला विचारा. या खांबाखाली आपली चिमणी झोपणार आहे."

दोघांचंही खरं होतं. लेकीला धर्म कळत होता आणि जावयांना बापाची जबाबदारी. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मी सामायिक करून उठले की माझ्या डोक्यात एकच यायचं. आपले आचार्य हिंसेचं मूळ प्रमादात सांगतात. बेसावधपणा, गाफीलपणा. जीव मेला की नाही हे पाहण्याआधी आपण जागे होतो की नाही हे पाहा. मग या घरात गाफील कोण राहिलं, आणि कधीपासून?

तिसऱ्या दिवशी मी जावयांना म्हटलं, "सुतारकाकांना एवढंच विचारा, की वाळवी आली कशी? बाकीचे खांब सोडून ती या पाचांकडेच का गेली?"

सत्तरीचे सुतारकाका मोठे थोर स्वभावाचे. ते आम्हाला घराच्या मागे घेऊन गेले. मागच्या उतारावरची माती पावसाबरोबर वर्षानुवर्षं घसरत येऊन भिंतीला टेकली होती. जमिनीखालून वारा जायची वाट त्या मातीने बुजली होती. वरची पन्हळ फुटलेली, तिचं पाणी नेमकं तिथेच पडत होतं. आधीच्या मालकीणबाई एकट्या राहायच्या, मग वृद्धाश्रमात गेल्या आणि आठ वर्षं घर बंद. पन्हळ कोण बघणार? काका म्हणाले, वाळवीला ओल लागते. कोरड्या, वारा खेळत्या घरात ती सहसा येत नाही. औषधाचा जोर पाच वर्षांनी ओसरतो, ओल मात्र तशीच राहते.

हे ऐकून जावई स्वतःच म्हणाले, "म्हणजे आधी पाणी आवरायला हवं." मग दोघांनी बसून ठरवलं ते असं: विष आत्ता मारायचं नाही. ओल काढायची, खांब दुरुस्त करायचे आणि दर सहा महिन्यांनी जमिनीखाली उतरून पाहायचं. खांबावर पुन्हा नळी चढलेली दिसली, तर त्या एका जागेपुरता उपाय करायचा. शेवटची अट जावयांची होती. लेकीला ती आवडली नाही, तरी तिने मान्य केली. मलाही ती योग्यच वाटली. घर म्हणजे मुनींची वसतिका नव्हे. तिथे एक लहान मूल झोपतं.

काम थंडीतच उरकायचं ठरलं, कारण थंडीत वाळवीची हालचाल मंदावते आणि जूनमध्ये तिथला पाऊस सुरू झाला की माती उकरणं आपल्यालाही नको वाटतं. मागची माती फावड्याने हळूहळू ओढली, चर खणून त्यात खडी भरली, पन्हळ नवी बसवली, वाऱ्याच्या वाटा मोकळ्या केल्या. मग खांब. मला वाटलं होतं, खांब काढून नवे घालतील. पण त्यांच्याकडे नेत्सुगी नावाची कला आहे, म्हणजे खांबाच्या मुळाशी जोड देणं. जॅक लावून घर केसभर उचललं, प्रत्येक खांबाचा खराब झालेला दीड-दोन फूट भाग कापला आणि तिथे चेस्टनटच्या लाकडाचा नवा पाय बसवला. दोन्ही लाकडांना अशा खाचा पाडल्या की ती एकमेकांत घट्ट बसावीत, आणि मध्ये लाकडाचीच पाचर ठोकली. एकही खिळा नाही. चेस्टनट निवडलं ते ओलीला टिकतं म्हणून. चांगला खांब फेकला नाही, वाईट भाग ठेवला नाही.

कापलेले तुकडे जाळायची तिथली पद्धत. जावयांनी ते उचलून उताराच्या पलीकडे बांबूच्या बनात, पडलेल्या पालापाचोळ्यात नेऊन ठेवले. मेलेलं लाकूड खाऊन त्याची माती करणं हे वाळवीचं कामच आहे, आणि बनात ते काम ढीगभर पडलेलं आहे. या साऱ्यात एकही जीव गेला नाही असं मी म्हणणार नाही. फावडं चाललं, लाकूड कापलं, थंडी होती. ती आरंभी हिंसा, आणि त्या रात्री आम्ही सगळ्यांनी प्रतिक्रमण केलं. पण मारायचं म्हणून कुणी हात उचलला नाही.

भिंतीची जी माती पाडली तीही फेकली नाही. त्यात पाणी आणि नवीन पिंजर मिसळून तीच पुन्हा लिंपली. गवंडी लोक ही माती कित्येक महिने भिजत, कुजत ठेवतात. लेकीने विनंती केली, की आमच्यात भिजलेली माती तशी ठेवत नाहीत. ठिगळापुरतंच काम होतं, म्हणून ते त्याच आठवड्यात लिंपायला तयार झाले. संडास, सांडपाण्याची टाकी, विजेच्या तारा यात पैसा पुष्कळ गेला, पण सांगण्यासारखं त्यात काही नाही.

एक गोष्ट मात्र सांगते. आतल्या खोलीत आधीच्या कुटुंबाचा बौद्ध देव्हारा तसाच राहिला होता, त्यात पूर्वजांच्या नावाच्या लाकडी पट्ट्या. पट्ट्या त्या बाईंच्या भाच्याने नेल्या, देव्हाऱ्याला त्याच्या घरी जागा नव्हती. लेकीने गावातल्या मंदिराच्या पुरोहितांना बोलावलं. त्यांनी सूत्रं म्हणून देव्हाऱ्याला निरोप दिला आणि सोबत नेला. आम्ही हात जोडून बाजूला उभे होतो. दुसऱ्याच्या श्रद्धेची वस्तू अडगळ म्हणून काढायची नसते, एवढं तर अनेकांतवाद आपल्याला शिकवतोच. त्यानंतरच आम्ही णमोकार मंत्राचा जप करून कलश ठेवला.

आता दोन पावसाळे होऊन गेले. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जावई डोक्याला बॅटरी बांधून जमिनीखाली सरपटत जातात, पाचही खांबांचे फोटो काढतात आणि मला पाठवतात. मी ते वहीत तारखेसह नोंदवते. आतापर्यंत चार नोंदी झाल्या, चारही कोरड्या. पुढच्या नोंदीत काय असेल ते मला माहीत नाही. कंपनीची हमी घेतली असती तर आम्ही पाच वर्षं खाली डोकावलोही नसतो. आता हमी नाही, म्हणून जागं राहावं लागतं.

मैत्रिणींनो, जपान राहू द्या. आपल्या घरातली सिंकखालची गळती, कपाटामागची ओलसर भिंत, माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके, गच्चीवर तुंबलेली पावसाळी नळी यांच्याकडे आपण महिनोन् महिने बघत नाही. मग झुरळं, वाळवी, कसर झाली की फवारणीवाल्याला फोन करतो आणि पाप लागलं म्हणून हळहळतो. ते जीव आपणच ओल आणि खरकटं ठेवून बोलावलेले असतात. चातुर्मास लागायच्या आधी एक दिवस काढा. पन्हळी बघा, कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, जुनी पुस्तकं उन्हं दाखवून ठेवा, कुठे पाणी झिरपतंय का ते हात लावून पाहा. आणि वहीत तारीख घाला. पुढच्या वर्षी त्याच पानावर दुसरी तारीख पडली पाहिजे.

जय जिनेंद्र.