गोड बोलण्याची पावती मिळत नाही

तेलगाव हे रस्त्यांचे गाव. बीड, परळी, माजलगाव आणि धारूर अशा चारही दिशांच्या वाटा इथे येऊन मिळतात. त्यामुळे जमीन नसलेल्या किंवा असून न पुरणाऱ्या घरातला मुलगा नोकरीची वाट पाहून थकला, की त्याच्या डोळ्यांसमोर आधी गाडी येते. नव्या गाडीची ऐपत नसते. मग सेकंडहँड गाडी शोधली जाते. आईचे दागिने गहाण पडतात, बचत गटाचे कर्ज निघते, दोन पाहुण्यांकडून उसनवारी होते. गाडी दुसऱ्याने वापरून सोडलेली असते, पण तिच्यासाठी गेलेला पैसा सगळ्या घराचा असतो. म्हणूनच अशा व्यवहारात फसवणूक झाली, तर ती एका माणसाची राहत नाही.

माझ्या भाच्याने २०२३ साली अशीच एक पिवळ्या पाटीची सात आसनी गाडी घेतली. शहरातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला ३ लाख २० हजार रुपये मोजून दिले. पेशंट अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेणे, लग्नाची वऱ्हाडे पोहोचवणे अशी भाडी तो स्वतः मारणार होता. मीटरवर ७८ हजार किलोमीटर दिसत होते. "एकाच मालकाने वापरलेली, इंजिनला हात लागलेला नाही," असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते.

तिसऱ्याच आठवड्यात बाळंतपणाची बाई घेऊन जाताना ही गाडी धारूरच्या घाटात बंद पडली. मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याच्या माणुसकीने ती बाई वेळेवर दवाखान्यात पोहोचली. गाडी ओढून तेलगावला आणली. मिस्त्री म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्यात, इंजिन ऑइल खायलंय. जाड ऑइल टाकून धूर दाबला होता." पुढे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये चौकशी केली, तेव्हा २०२१ च्या सर्व्हिसिंगच्या नोंदीत हीच गाडी १ लाख ४२ हजार किलोमीटर चाललेली निघाली. म्हणजे मीटर मागे फिरवलेले होते.

विक्रेत्याचे उत्तर तयार होते. "गाडी तुम्ही बघून घेतली. पावतीवर 'जशी आहे तशी' लिहिलंय, सही तुमची आहे. आम्ही तर नुसते मधले." भाचा संतापला. "मामा, दहा पोरं घेऊन जातो, दुकान फोडतो," म्हणाला. मी त्याला म्हणालो, "आज दोष त्याचा आहे. तू दगड उचललास की गुन्हा तुझ्यावर लागेल आणि तो मोकळा सुटेल." बहिणीचा सूर वेगळाच होता. "जाऊ दे दादा, मोठ्या माणसाशी कोर्टकचेरी आपल्याला झेपायची नाही." वाचक बंधू-भगिनींनो, संतापून उठणारा आणि हात जोडून बसणारा, दोघांच्याही हाती शेवटी काही लागत नाही. अशा वेळी कागद लागतो.

मी पेशाने कारकून. आवक-जावकाच्या रजिस्टरमध्ये ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, ही आमची रीत. त्या रीतीने आम्ही कामाला लागलो. आधी इंजिन उघडू दिले नाही. दुरुस्ती आधी आणि तक्रार मागून केली, तर दोषाचा पुरावाच राहत नाही. मिस्त्रीकडून तपासणीचा लेखी अहवाल सहीनिशी घेतला, फोटो काढले. जाहिरात, मोबाईलवर झालेले बोलणे, पैसे दिल्याची बँकेची नोंद आणि वर्कशॉपची नोंद एका फाइलीत लावली. मग पंधरा दिवसांची मुदत देऊन विक्रेत्याला नोटीस पाठवली आणि पोच जपून ठेवली. नोटीस साध्या मराठीत होती : काय सांगितले, काय निघाले, काय हवे.

मुदत संपली, उत्तर आले नाही. तेव्हा २०२४ मध्ये बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. १९८६ च्या जुन्या कायद्यानुसार समोरचा जिथे धंदा करतो किंवा जिथे व्यवहार घडला तिथे जावे लागे. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार व्हावी लागते.

विक्रेत्याच्या वकिलाने मुद्दा काढला, की गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून हा ग्राहकच नव्हे. हा मुद्दा ऐकून पुष्कळ लोक माघारी फिरतात. परंतु स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत, असे कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे उलगडून सांगितले आणि स्वतः रिक्षा चालवून पोट भरणाऱ्याचेच उदाहरण दिले. आमच्या फाइलीत भाच्याचे लायसन्स होते, भाड्यांची वहीही होती.

'जशी आहे तशी' या शब्दांचेही भय बाळगू नये. घेणाऱ्याने पाहून घ्यावे हे तत्त्व १९३० च्या वस्तुविक्री कायद्यात आहे, पण त्याला अपवादही आहेत. पाहून जो दोष सहज कळला असता, त्याची तक्रार करता येत नाही. मागे फिरवलेले मीटर पाहून कळत नाही. जाणूनबुजून सांगितलेले खोटे म्हणजे १८७२ च्या करार कायद्याच्या भाषेत कपट. 'मधले' म्हणून हात झटकणेही आता अवघड झाले आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला परिवहन खात्याचे अधिकारपत्र लागते आणि गाडी ताब्यात आल्याची रीतसर सूचना दिल्यावर मालक तोच समजला जातो.

नव्या कायद्यात मध्यस्थीची सोय आहे. प्रकरण तिथे गेले आणि २०२५ मध्ये लेखी तडजोड झाली. विक्रेत्याने गाडी परत घेतली आणि २ लाख ९० हजार रुपये डिमांड ड्राफ्टने दिले. तीस हजार गेले, व्याज गेले, दीड वर्ष भाचा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून राबला. त्या काळाची भरपाई कोणी केली नाही. तरीही बहिणीचे दागिने सुटले आणि बचत गटाच्या बायांसमोर तिला मान खाली घालावी लागली नाही. हे काही थोडे नाही.

जुनी गाडी घेणाऱ्या तरुणांनी एवढे करावे. ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि गाडी थंड असताना चालू करून पाहावी. कंपनीच्या वर्कशॉपमधील जुनी नोंद मागावी. आर.सी.वर फायनान्सचा बोजा असेल, तर तो उतरल्याचे पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. किती किलोमीटर, किती मालक, अपघात झाला की नाही, हे विक्रेत्याच्या सहीने लिहून घ्यावे. जो लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडून गाडी घेऊ नये. आर.सी. नावावर करून घेण्यात हयगय करू नये. विकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे : नोंदीत ज्याचे नाव, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे.

आणि एक मागणे शिकलेल्यांकडे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, आयोगाकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. पण ज्याला दोन ओळींचा अर्ज लिहिता येत नाही, त्याला या सोयी असून नसल्यासारख्या. प्रत्येक वस्तीत बारावी झालेली, पदवी घेतलेली मुले-मुली आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यांनी समाजमंदिरात बसून लोकांचे अर्ज लिहून द्यावेत. एक फाइल आणि चार कोरे कागद एवढाच त्याला खर्च आहे.