धार

के. आर. पुरमच्या आमच्या घराच्या मागच्या सज्जात एक यंत्र आहे. पत्र्याच्या बैठकीवर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर जाड प्लास्टिकचे वाडगे आणि वाडग्याच्या पोटाखाली एक लहानशी मोटर, इतकाच त्याचा संसार. मोटरीच्या दांड्यावर एका अंगाला वजन बसवलेले असते. एरवी फिरत्या दांड्याचा तोल सांभाळण्यासाठी कारागीर जिवाचे रान करतात. इथे तो जाणूनबुजून बिघडवलेला असतो आणि त्या बिघाडावरच सारे काम चालते. मोटर सुरू झाली की ते एकांगी वजन वाडग्याला मिनिटाला दोन-तीन हजार हादरे देते. आतले दगड थरथरत बाहेरच्या कडेने वर येतात, आतल्या बाजूने खाली उतरतात आणि असे वळसे घेत वाडग्याभोवती संथपणे फिरत राहतात. त्यांना घासते ती दगडांमधली भुकटी, आणि एक दगड दुसऱ्याला.

या यंत्राशी माझी ओळख जुनी आहे. १९८१ साली मी नोकरीसाठी बंगळूरला आलो, तो जुन्या मद्रास रस्त्यावरच्या एका कारखान्यात. पितळेचे आणि पोलादाचे सुटे भाग तिथे तयार होत. ठोकून किंवा कापून निघालेल्या प्रत्येक भागाच्या कडेला धातूची एक बारीक, हाताला कापणारी कोर राहते. तिला आम्ही ‘बर’ म्हणत असू आणि ती काढून टाकणे हे आमच्या विभागाचे काम होते. सज्जातल्या यंत्राचे हंड्याएवढे थोरले भावंड तिथे रात्रंदिवस हादरत असे. त्यातून निघालेला भाग हाती घ्यायचा, कडेवरून अंगठा फिरवायचा, अंगठ्याला काही टोचले नाही की शिक्का मारायचा. तेहेतीस वर्षे मी हेच केले. धार म्हणजे दोष, हे माझ्या बोटांनी डोक्याच्या आधी शिकून घेतले. पुढे जे घडले त्याचे मूळ या शिक्षणात आहे, म्हणून हे सांगितले.

२०१४ साली मी निवृत्त झालो. पाच वर्षांनी आई गेली. दिवस-कार्य आटोपल्यावर आक्काने माळ्यावरून अण्णांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. “दगडच आहेत. तुला कारखान्याची सवय, तूच ने,” ती म्हणाली. अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे उद्घाटन झाले. मधली बरीच वर्षे अण्णा पाण्याखाली जाणाऱ्या गावांत घरांची, विहिरींची आणि झाडांची मोजणी करीत फिरले. संध्याकाळी परतताना ते गोदावरीच्या पात्रातून एखादा गोटा उचलीत आणि खिशात टाकीत. ज्या पात्रातून ते उचलले त्यावर आज नाथसागर पसरला आहे. डबा हातात घेतला तेव्हा प्रथम जाणवले ते त्याचे वजन.

दख्खनचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत सिलिका थरावर थर साचत गेली. कातळ झिजून माती झाला, तरी ही भरण टिकली, सुटी झाली, नदीत आली. आपण तिला गारगोटी म्हणतो, अकीक म्हणतो. बंगळूरचा खडक निराळा. लालबागेतल्या टेकडीचा नाइस खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा, त्यापुढे आमची दख्खन कालची पोर. डब्यातले गोटे ओळीने मांडले तेव्हा या ग्रॅनाइटच्या गावात मला माहेरचा माणूस भेटल्यासारखे वाटले, आणि मी यंत्र विकत घेतले.

यंत्राला दगड निवडून द्यावे लागतात. एका घाण्यात सारख्या कठीणपणाचेच दगड हवेत. अकीक मोहच्या मोजपट्टीवर सातच्या आसपास, त्याच्या शेजारी स्टिल्बाइटसारखा चारच्या खालचा मऊ दगड टाकला तर तो बिचारा दोन दिवसांत चिखल होतो. वाडगे चार पंचमांशाहून थोडे अधिक भरलेले असावे. कमी भरले तर दगड एकमेकांवर आपटून चंद्रकोरीसारख्या भेगा पडतात, गच्च भरले तर ते हलतच नाहीत. मोठ्यांच्या फटींत लहान दगड हवेत. त्यावर कार्बोरंडमची भुकटी, आधी २२० क्रमांकाची, मग ५००, मग त्याहून बारीक, आणि शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पांढरी पूड. कार्बोरंडमचा शोध १८९१ साली एडवर्ड ॲचेसन या अमेरिकनाला लागला. त्याला खरे तर कृत्रिम हिरा करायचा होता.

पाणी मात्र चमचाचमचाने घालायचे. चिखल पातळ पिठल्याइतका असला की भुकटी दगडांना धरून राहते. पाणी जास्त झाले की ती तळाशी बसते, कमी झाले की दगड जागच्या जागी रुततात. हे घड्याळावरून कळत नाही, आवाजावरून कळते. नीट चाललेल्या घाण्याचा आवाज दूरच्या पावसासारखा सलग असतो. पहाटे कृष्णराजपुरम स्टेशनातल्या गाडीचा भोंगा ऐकून जाग येते, तेव्हा मी आधी तो पाऊस ऐकतो. घरात दोन वृद्ध माणसे. सौभाग्यवती म्हणतात, माझ्या खोकल्याकडे तुमचे इतके लक्ष असते तर!

प्रत्येक टप्प्यानंतर सारे धुवावे लागते. जाड भुकटीचा एक कण पुढच्या घाण्यात शिरला तर आठवड्याच्या कामावर ओरखडा उमटतो. म्हणून शेवटच्या झिलईचे वाडगे मी वेगळेच ठेवले आहे. धुवण कधीही मोरीत ओतायचे नाही. ते नळीत बसते आणि सिमेंटसारखे घट्ट होते. बादलीत निवू द्यावे, वरचे पाणी काढावे आणि गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाकावा. तो वाळवून झाडू नये, कारण सिलिकेची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन बसली की परत येत नाही. गुजरातेत खंभातला अकीकाचे मणी करण्याची परंपरा फार जुनी आहे. चामड्याच्या पिशवीत मणी, अकीकाचीच भुकटी आणि पाणी घालून दोन माणसे ती पिशवी कित्येक दिवस एकमेकांकडे लोटीत राहत. माझे यंत्र त्या दोन माणसांच्याच जागी उभे आहे. त्याच गावात कोरड्या सहाणेवर अकीक घासणाऱ्या कितीतरी कारागिरांना सिलिकोसिसने गाठले. दुकानातल्या काचेखाली चकाकणारा मणी पाहताना हे आठवावे, असे मला वाटते.

यंत्राचा सर्वांत मोठा वैरी ते स्वतःच. हादऱ्याने त्याचेच नट सैल होतात, वाडग्याच्या मधल्या खुंटाशी चिरा पडतात, चिखल दांड्यावरून उतरून बेअरिंगमध्ये शिरतो. एकदा मोटर इतकी तापली की हात लावेना. टिन फॅक्टरीच्या अलीकडे मोटरी भरून देणारा एक तरुण आहे. त्याने बेअरिंग काढून माझ्या तळहातावर ठेवले, तेव्हा त्यातून करकर वाळू गळली. “सार, हलणाऱ्या यंत्राला पाना रोज लागतो,” तो म्हणाला. तेव्हापासून रोज सकाळी मी मधला नट तपासतो, बैठक पुसतो, मोटरीवर हात ठेवून पाहतो.

आता त्या दगडाविषयी.

अण्णांच्या डब्यात एक दगड कागदात गुंडाळलेला होता. कागद त्यांच्या मोजमाप वहीतला. त्यावर पेन्सिलीने फक्त ‘नेवासे’ एवढेच लिहिलेले. दगड तांबूस तपकिरी, तळहाताच्या निम्म्याने, एका अंगाला फुगीर, दुसऱ्या अंगाला सपाट. एका कडेला बारीक बारीक खाचा होत्या. मी कडेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याला टोचले. तेहेतीस वर्षांच्या सवयीने मी तो इतर दगडांबरोबर वाडग्यात टाकला. हे २०२१ सालच्या पावसाळ्यातले.

बारा दिवसांनी दगड बाहेर आला तेव्हा फार सुंदर दिसत होता. हादऱ्याचे यंत्र दगडाचा आकार बदलत नाही, हा त्याचा गुण. फिरत्या पिंपात दगड गोल होतात, इथे ते आपल्या घडणीतच राहतात. याचाही फुगीरपणा, सपाटपणा तसाच होता. फक्त कड गुळगुळीत झाली होती आणि वरची जुनी साय जाऊन आतला तांबडा रंग मधासारखा उजळला होता. मी फोटो काढून आक्काला पाठवला. तिचा फोन लगेच आला.

“अरे, हा पुडीतला का?”

“हो. ओळखलास?”

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अण्णांनी तो कॉलेजातल्या एका गुरुजींना दाखवला होता. ते म्हणाले होते, हे हत्यार आहे, माणसाने घडवलेलं, कातडं खरवडायचं. तू तेव्हा वसतिगृहात होतास.”

आपल्या मनात नेवासे म्हणजे ज्ञानेश्वरांचे. परंतु १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी तिथे उत्खनन केले आणि प्रवरेच्या काठच्या गोट्यांच्या थरांत जास्पर, चर्ट, अकीक यांची अश्मयुगीन हत्यारे ओळखली. हे मी शाळेत वाचले होते. कागदावरचा शब्दही वाचला होता. दोन्ही वाचने एकमेकांना भेटली नाहीत. अभ्यासक अशा दगडाची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ती लाकडावर चालली की हाडावर की कातड्यावर, हे तिच्यावरच्या झिजेवरून ते सांगू शकतात. म्हणजे त्या कडेवर आधीच एक झिलई असली पाहिजे, कोण्या माणसाच्या हाताने, कामाने चढलेली. तिच्यावर मी माझी चढवली.

नदीने त्याला हजारो वर्षे लोटले, तरी त्याच्या खाचा उरल्या होत्या. मला बारा दिवस पुरले. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. ते निवड करीत नाही, निवड मी करतो. जगात काही धारा चुकून राहिलेल्या असतात आणि काही कोणी कष्टाने आणलेल्या. अंगठ्याला दोन्ही सारख्याच टोचतात. हा फरक अंगठ्याला शिकवायला मला सत्तरीच्या उंबरठ्यावर यावे लागले.

मी यंत्र बंद केले नाही. आठवडाभर तसे मनात होते. मग वाटले की त्याने अण्णांचा दगड परत येणार नाही, आणि उरलेले गोटे मात्र पुन्हा माळ्यावर जातील. आता घाणा लावण्याआधी प्रत्येक दगड सज्जाच्या उजेडात धरतो. कडेची खाच एकटीच आहे की रांगेने, एकाच बाजूने आली आहे की दोन्हीकडून, हे पाहतो. शंका आली की दगड बाजूला ठेवतो. असे नऊ दगड बाजूला आहेत. त्यांतले सारेच बहुधा साधे गोटे असतील. असू देत.

तांबडा दगड मी पुन्हा त्याच कागदात गुंडाळून डब्यात ठेवला. पुढे हा डबा कोणाच्या तरी हाती जाईल आणि त्याला हा दगड नदीनेच असा केला असे वाटेल, म्हणून ‘नेवासे’च्या खाली मी दोन ओळी लिहिल्या. अण्णांच्या अक्षराजवळ माझे अक्षर बरे दिसत नाही, तरी लिहिल्या: ‘हे हत्यार होते. याची धार २०२१ साली, के. आर. पुरम येथे, माझ्या हातून गेली.’