वीस हजार व्होल्ट कुठे मिळतील हो?

हा प्रश्न नाशकात चार दुकानांत विचारून झाला. एकाने इन्व्हर्टर दाखवला, दुसऱ्याने स्टॅबिलायझर. तिसऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि "कशासाठी पाहिजे?" असं अशा आवाजात विचारलं, की मी सोल्डरिंगची तार घेऊन बाहेर पडलो.

गंमत बघा. हे गाव स्विचगिअरचं. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत ब्रेकर आणि ट्रान्सफॉर्मर तपासायला हजारो-लाखो व्होल्ट रोज तयार होतात. शिलापूरला तर केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची चाचणी प्रयोगशाळाच आहे. पण छंदापुरते, खिशाला परवडतील असे वीस हजार व्होल्ट काउंटरवर मागितले की माणूस संशयित ठरतो.

कशासाठी, तेही सांगतो. माझी भाची आठवीत आहे. तिला विज्ञान प्रदर्शनात उदबत्तीचा धूर बरणीत कोंडून विजेने 'गायब' करून दाखवायचाय. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चिमणीआधी राख अडवायला हेच तत्त्व वापरतात. मध्ये ऋणभारित तारा, बाजूला जमिनीला जोडलेले पत्रे. राखेच्या कणांवर भार बसतो आणि ते पत्र्याकडे ओढले जातात. बरणीत तेच, फक्त छोटं. ताईने होकार दिला, पण "पोरीला काही झालं तर माझ्याशी गाठ आहे" या अटीवर. त्यामुळे शोधाशोध सुरू झाली ती व्होल्टेजची नव्हे, करंटची.

इथेच बहुतेकांची गफलत होते. स्थितिक विजेच्या प्रयोगांना व्होल्टेज भरपूर लागतं, करंट मात्र जवळजवळ नाहीच. वस्तू एकदा भारित झाली की फक्त गळती भरून काढायची. काही मायक्रोअँपिअर पुरतात. म्हणजे चांगला सप्लाय कोणता, तर जो जास्त करंट देऊच शकत नाही तो!

पहिला विचार अर्थातच जुन्या टीव्हीचा. पिक्चर ट्यूबच्या रंगीत टीव्हीत मागे जो 'ईएचटी' असतो, तो पंचवीस हजार व्होल्टपर्यंत देतो, तोही डीसी. पूर्वी अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात ढिगाने मिळाला असता. तो बाजार महापालिकेने जानेवारी २०१७ मध्ये मोठी मोहीम काढून उठवला. आता टीव्ही मेकॅनिककडेच विचारावं लागतं, आणि एलईडी टीव्हीत हा भागच नसतो. एका काकांनी माळ्यावरून दोन काढून दिले, वर चहाही पाजला. पण ईएचटी चालवायला वेगळं सर्किट लागतं, आणि त्यातून येणारा मिलिअँपिअरभर करंट आठवीतल्या पोरीसाठी मला नको होता. माझ्या कपाटात आहेत दोन्ही. बघू.

दुसरा प्रकार म्हणजे ऑनलाइन मिळणारं ते बोटभर लांबीचं मॉड्यूल. वर लिहिलेलं असतं '४०० केव्ही'. चार लाख व्होल्ट, तेही दोनशे-तीनशे रुपयांत! हवा साधारण मिलिमीटरला तीन हजार व्होल्टला फुटते, तीही गुळगुळीत गोळ्यांमध्ये. टोकदार तारांमध्ये बरंच आधी. चार लाख व्होल्ट खरे असते तर तेरा सेंटिमीटरची ठिणगी पडायला हवी. पडते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची. म्हणजे फार तर पंधरा-वीस हजार. मार्केटिंगवाले आमच्या सॉफ्टवेअरमध्येच असतात असं नाही.

तिसरा, मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर. भंगारवाल्याने "साहेब, हा घ्या, दमदार माल" म्हणून तो पुढे केला. दोन हजारच व्होल्ट, पण अर्ध्या अँपिअरच्या आसपास करंट द्यायची ताकद. बाबा चाळीस वर्षं टेस्टिंग विभागात होते. फोनवर नुसतं नाव काढलं तर म्हणाले, "अरे, ती वस्तू घरात आणायची नाही. शॉक बसला म्हणून सांगायला माणूस उरत नाही." विषय संपला.

अखेर घेतलं ते बारा व्होल्टवर चालणारं हवा-आयनायझरचं मॉड्यूल. ऋण सहा-सात हजार व्होल्ट, करंट अगदी किरकोळ. असंच मॉड्यूल थेट २३० व्होल्टवर चालणारंही मिळतं आणि स्वस्त पडतं. ते घेऊ नका. त्यात आउटपुट बऱ्याचदा मेन्सपासून वेगळं केलेलं नसतं, म्हणजे हात लागला तर गाठ घरच्या विजेशी.

आता मोजायचं कसं? साधा मल्टिमीटर हजार व्होल्टला हात टेकतो. मग दहा मेगाओहमचे शंभर रेझिस्टर एकापुढे एक जोडले (शनिवारची अख्खी दुपार गेली), खाली एक मेगाओहमचा लावला आणि मीटर त्याच्यावर. मीटरचे स्वतःचे दहा मेगाओहम धरले तर वाचन अकराशेने गुणायचं. आकडा आला ५.६. म्हणजे सहा हजारांच्या वर, आणि तेही विभाजकाने सहा मायक्रोअँपिअर खाल्ल्यावर. बाबांनी आकडा बघून फक्त "हं" केलं. ही त्यांच्याकडची मोठी शाबासकी.

बरणीच्या आतून फॉइल, बघायला दोन बोटं फट, मधोमध वायरीतली एकच बारीक तार. फॉइल बॅटरीच्या ऋण टोकाला, तार मॉड्यूलला. वाटेत अजून दहा मेगाओहम टाकलेत, मामाच्या समाधानासाठी. धूर भरला, भाचीने बटण दाबलं आणि चार-पाच सेकंदांत बरणी स्वच्छ. तिने बटण सोडून पुन्हा धूर भरला. मग पुन्हा. अर्धा पुडा उदबत्त्या संपल्या, घरात देवळासारखा वास.

आता तिला त्याच मॉड्यूलवर फ्रँकलिनच्या घंटा वाजवायच्यात. त्या मात्र थंडीतच. ऑगस्टच्या दमट हवेत भार पृष्ठभागांवरून निसटून जातो. जानेवारीत निफाडकडून कोरडा गारठा आला की बघू. तोवर बरणी ताईकडे, बॅटरी माझ्याकडे. ही अट बाबांची.