नळ नाही, वीज नाही, तरी दोन रात्री मुक्काम

"आई, या खेपेला तुम्हा दोघांना वाळवंटात तंबूत राहायला नेणार आहे," असे मुलाने सांगितले तेव्हा ह्यांनी पहिला प्रश्न केला, "तिथे फ्रिज आहे का?"

हसू नका. हे गेली चौदा वर्षे इन्सुलिन घेतात. प्रवासात माझ्या पर्समध्ये पासपोर्टच्या आधी त्या बाटल्यांची पिशवी जाते.

मुलगा अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्क शहरी राहतो. तिथून मोटारीने साडेतीन तासांवर चाको कॅन्यन आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२०० फूट उंचीवरचे हे कोरडे वाळवंट. आपल्या महाबळेश्वरपेक्षा दीड हजार फूट उंच, पण झाड म्हणाल तर नावाला. हजार वर्षांपूर्वी प्यूब्लो लोकांनी इथे दगडाचे प्रचंड वाडे बांधले. १९०७ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली आणि १९८७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

अमेरिकेत पुष्कळ लोक घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन हिंडतात. मुक्कामाच्या जागी एक खांब असतो. त्याला वीज जोडायची, नळ जोडायचा, सांडपाण्याची नळी लावायची की झाला संसार सुरू. या जोडणीला हूक-अप म्हणतात. चाकोच्या गॅलो कॅम्पग्राउंडवर यातले काहीच नाही. शौचालये आहेत, पण आंघोळीची सोय नाही. पिण्याचे पाणी मैलभर अंतरावर, माहिती केंद्रापाशी भरून घ्यायचे. दुकान नाही, पेट्रोल नाही आणि आमच्या मोबाईलला रेंजही नव्हती. जागा मात्र आधीच इंटरनेटवरून राखून ठेवावी लागते.

सूनबाईंनी हिशेब मांडला. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी. आम्ही पाच माणसे, तीन दिवस. जवळजवळ साठ लिटर झाले. "आई, तुम्हाला एवढ्या कमी पाण्यात जमेल ना?" तिने काळजीने विचारले. मी काय सांगणार? १९७२ च्या दुष्काळात मी माण तालुक्यात होते. दोन कळशांत सात माणसांचा दिवस काढलेला. मला पाण्याची धास्ती नव्हती, ह्यांच्या औषधाची होती.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. वाटेत क्युबा नावाचे छोटे गाव लागते (तो क्युबा नव्हे!). तिथे पेट्रोल आणि बर्फ घेतला. हमरस्ता सोडल्यावर एकवीस मैल राहतात. पहिले आठ डांबरी, पुढचे तेरा कच्चे, आणि त्यातले शेवटचे चारपाच तर पाठीची परीक्षा घेणारे. पाऊस पडला की हा रस्ता बंदच होतो म्हणे. आजूबाजूला नावाहो लोकांची तुरळक घरे दिसत होती. एका घरासमोर गाडीवर पाण्याची मोठी टाकी उभी होती. या भागात अनेक घरांना अजून नळ नाही, लोक मैलोन्‌मैल जाऊन पाणी भरून आणतात, असे मुलाने सांगितले. अमेरिकेत! मी त्या टाकीकडे वळून वळून पाहत राहिले.

पोहोचलो आणि पाहतो तो काय, गचक्यांनी बर्फाच्या पेटीचे झाकण उघडले होते. निम्मा बर्फ वितळून गाडीत सांडला होता. इन्सुलिन वरच्या कप्प्यात असल्याने वाचले. उरलेल्या बर्फावर ती रात्र निघाली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत नुसते पाणी. बर्फ आणायचा तर तोच रस्ता पुन्हा, जाऊन येऊन तीनएक तास. मुलगा किल्ली घेऊन निघालाच होता.

"थांब," मी म्हटले. "आपल्या घरी फ्रिज कधी आला? तोवर लोणी कशात राहत होते?"

हवा इतकी कोरडी होती की ओठ फुटत होते. अशा हवेत ओले कापड झरझर वाळते आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जाते. माठाचे तत्त्व तेच. माठ नव्हता, पण माझा पोह्यांचा स्टीलचा डबा होता. बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डब्यात ठेवल्या, डब्याला ह्यांचा पंचा ओला करून गुंडाळला आणि कड्याच्या सावलीत वारा लागेल अशा बेताने टांगला. मुलगा इंजिनिअर. त्याचा माझ्यावर विश्वास, पण थर्मामीटरवर जास्त! दुपारी बाहेर २८ अंश होते, डब्यात २०. दर तासाला पंच्यावर पेलाभर पाणी शिंपडायचे काम नातवाने आनंदाने घेतले.

वाचकांपैकी कुणाच्या घरी मधुमेह असेल तर सांगते. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालते. आपल्या औषधाचे नेमके काय, ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे. बंद मोटारीत मात्र ती कधीही ठेवू नये. आणि उन्हाइतकीच थंडी वाईट. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. वाळवंटात सूर्य मावळला की हवा धाडकन उतरते. त्या रात्री पारा शून्याजवळ गेला. तेव्हा पंचा सोडून डबा कोरडा केला, माझ्या शालीत गुंडाळला आणि आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून आम्ही झोपलो. "लग्नाला सत्तेचाळीस वर्षे झाली, आता आपल्यात डबा आला," हे म्हणाले.

सकाळी साखर तपासायला घेतली तर यंत्र आकडाच दाखवेना. तोंडचे पाणी पळाले. मग सूनबाईंच्या लक्षात आले की यंत्रच गारठले आहे. ह्यांनी ते पंधरा मिनिटे काखेत धरले, तेव्हा कुठे आकडा आला. १४२. मी चहा टाकला.

मधल्या दिवशी आम्ही प्यूब्लो बोनितो हा सर्वांत मोठा वाडा पाहिला. सहाशेहून अधिक खोल्या, काही ठिकाणी चार मजले. नवव्या शतकात सुरुवात झाली ती बाराव्यापर्यंत बांधकाम चालूच. चाकोतल्या वाड्यांसाठी दोन लाखांच्या वर झाडे लागली असा अंदाज आहे, आणि ती पन्नास-साठ मैलांवरच्या डोंगरांतून माणसांनी वाहून आणली. चाक नव्हते, बैल-घोडे नव्हते. पण मला त्याहून नवल वाटले ते पाण्याचे. इथे बारमाही नदी नाही. पाऊस पडला की कड्यांवरून जे पाणी धावत येई ते बांध घालून, चर काढून शेतांत नेत. ११३० च्या सुमारास लांबलेला दुष्काळ पडला आणि पुढे हळूहळू माणसे हे वाडे सोडून गेली. त्यांचे वंशज आजही आहेत. न्यू मेक्सिकोतले प्यूब्लो आणि ॲरिझोनातले होपी या जागेला आपल्या पूर्वजांचे घर मानतात.

त्या रिकाम्या खोल्यांमधून चालताना ह्यांना दम लागला. उंचीमुळे हवा विरळ. आम्ही एका भिंतीच्या सावलीत बसलो. नातवाला पायाशी पांढऱ्यावर काळी नक्षी असलेली खापरी सापडली. तळहातावर मावेल एवढीच. त्याला ती फार आवडली होती, पण इथून काहीही उचलायला कायद्याने बंदी आहे. "आजी, ही पण माठाची असेल का?" त्याने विचारले आणि जिथून उचलली तिथेच ठेवून दिली.

रात्रीचे आकाश काय सांगू! २०१३ पासून हे अधिकृत अंधार-आकाश उद्यान आहे, रस्त्यावर दिवा नाही. आकाशगंगा अशी ठळक मी लहानपणी अंगणात झोपायचो तेव्हा पाहिली होती. कॅन्यनच्या एका टोकाला खडकावर हात, चंद्रकोर आणि मोठी चांदणी रंगवली आहे. १०५४ साली भर दिवसा दिसलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचे ते चित्र असावे, असे काही अभ्यासक मानतात. सात मैलांहून अधिक चाल असल्याने आम्ही गेलो नाही. नातवाला मात्र मुलाने तो तारा आकाशात कुठे होता ती जागा दाखवली. हे खुर्चीत, कानटोपी घालून, मान वर करून कितीतरी वेळ बसले होते. आत चला म्हटले तर ऐकेनात.

तिसऱ्या दिवशी निघताना कॅनमध्ये तीनचार लिटर पाणी उरले होते. मुलगा ते ओतून टाकायला निघाला. मी त्याच्या हातून कॅन घेतला, सगळ्यांना तोंड धुवायला दिले, भांडी विसळली आणि उरलेल्यात पुन्हा एकदा पंचा भिजवला. गाडीत खिडकी थोडी उघडी ठेवून तो डबा मांडीवर घेऊनच मी आल्बुकर्कपर्यंत आले.