निवळायला लागणारा वेळ

सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर (एसटीपीवर) रोज सकाळी एक साधी चाचणी होते. एअरेशन टाकीतलं तपकिरी पाणी एक लिटरच्या काचेच्या सिलिंडरमध्ये भरायचं, धक्का लागणार नाही अशा जागी ठेवायचं आणि अर्धा तास थांबायचं. पाचेक मिनिटांत कण एकमेकांना धरू लागतात, पुंजके खाली सरकतात आणि वर नितळ पाण्याचा पट्टा उमटतो. अर्ध्या तासाने गाळ ज्या खुणेवर बसला असेल, अडीचशे मिलिलिटर किंवा सातशे, तो आकडा लॉगशीटवर जातो. आकडा कुणीही लिहील, पण गाळ बसला कसा, हे लिहायला लॉगशीटवर रकाना नसतो. तो घट्ट बसला की कापसासारखा फुगून राहिला? वरच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे कण तरंगतायत का? सिलिंडर तसाच आणखी तासभर ठेवला तर खाली बसलेला गोळा बुडबुडे घेऊन पुन्हा वर येतो का? फुगलेला गाळ म्हणजे तंतुमय जिवाणूंचं राज्य, बऱ्याचदा हवा कमी पडल्यामुळे आलेलं. टाचणीएवढे कण म्हणजे टाकीत गाळ गरजेपेक्षा जास्त दिवस मुरला. वर आलेला गोळा म्हणजे तळाशी नायट्रेटमधून नायट्रोजन वायू सुटला. हे सगळं अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात एका प्रकरणात आहे आणि परीक्षेपुरतं पाठही होतं. माझं म्हणणं एवढंच की, या क्षेत्रात येणाऱ्या पदवीधराने पहिली दोनेक वर्षं अशा सिलिंडरशेजारी काढली पाहिजेत आणि ती त्याच्या बढतीत मोजली गेली पाहिजेत. आज दोन्ही गोष्टी क्वचितच होतात.

आपल्याकडे पाण्याच्या खात्यात लागलेला कनिष्ठ अभियंता पहिल्याच महिन्यात अंदाजपत्रकाला बसतो. मग निविदा, मोजमाप पुस्तक, बिलं, मुदतवाढीचे प्रस्ताव. सल्लागार कंपनीत गेलेला डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) लिहितो, म्हणजे पुष्कळदा आधीच्या गावाचा डीपीआर उघडून लोकसंख्या बदलतो. ठेकेदाराकडे गेलेला जलवाहिनीच्या खंदकावर उभा राहतो. तिघेही मन लावून काम करतात, पण तिघांनाही पाणी भेटत नाही, भेटतं ते पाण्याचं बांधकाम. केंद्र बांधून झालं की ते देखभाल-दुरुस्तीच्या ठेक्यावर जातं आणि तिथे रात्रपाळीला एखादा आयटीआय झालेला ऑपरेटर, एक केमिस्ट आणि एक हेल्पर एवढेच उरतात. पाच-सात वर्षांनी हाच अभियंता पुढच्या केंद्राचा आराखडा तपासायला बसतो. मागच्या केंद्रात कुठला व्हॉल्व्ह हात पोचणार नाही अशा जागी बसवला गेला, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

याची किंमत आकड्यांत दिसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या अंदाजानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती. ही तफावत सगळ्यांना पाठ आहे, भाषणांत तीच येते. मला दुसरी जास्त बोलकी वाटते: उभारलेल्या त्या क्षमतेतही प्रत्यक्ष वापर साधारण वीस हजार दशलक्ष लिटरचाच होता. म्हणजे जे बांधलं त्याचा तिसरा हिस्सा रिकामा. याला गटारांचं जाळं अपुरं असणं हे मोठं कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. पण जाळं आधी की केंद्र आधी, हा प्रश्न आराखड्याच्या टेबलावर ठणकावून विचारायला केंद्र चालवलेला माणूस लागतो, कारण जिवाणूंना रोज पोटभर मैला मिळाला नाही तर टाकीचं काय होतं हे त्याने पाहिलेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या बाजूला, ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने गावांतल्या बहुतेक घरांत नळ नेला. आता त्या नळातलं पाणी रोज पिण्यालायक ठेवायचं काम उरलं आहे, आणि ते मोजमाप पुस्तकात मावणारं नाही.

पाणी चालवण्यातली खरी अडचण वेळेची आहे. सांडपाण्यातली घाण मोजण्याचं मुख्य माप बीओडी, म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश रॉयल कमिशनने ते पाच दिवसांचं ठरवलं. आपल्या हवेत सगळं लवकर कुजतं, म्हणून आपण २७ अंश सेल्सियसला तीन दिवसांचं मोजतो. तरी तीन दिवस जातातच. सोमवारच्या पाण्याचा निकाल गुरुवारी हाती येतो, तोवर सोमवारचं पाणी नदीतून दोन गावं पुढे. मधल्या काळात केंद्र चालतं ते डोळ्यांवर, नाकावर, फेसाच्या रंगावर आणि त्या अर्ध्या तासाच्या सिलिंडरवर. पिण्याच्या पाण्याचंही तेच. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की नदी रातोरात मातकट होते. मग जार टेस्ट: सहा बीकर, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा, मिनिटभर जोरात ढवळणं, मग हळू ढवळणं, मग थांबणं. नवखा माणूस गढूळपणा वाढला की मात्रा वाढवतच जातो. तुरटी पाण्यातली अल्कता खाते, ती संपली की सामू घसरतो आणि पुंजके धरायचंच बंद होतं. अशा वेळी चुना द्यावा लागतो आणि वाढवलेली तुरटी वाया जाते. हे समीकरण पदवीधराला येतं, ऑपरेटरला नव्हे. पण पुंजका कधी ‘धरला’ हे ऑपरेटरला कळतं, पदवीधराला नव्हे. दोघं एका टेबलाशी उभे राहिल्याशिवाय काम होत नाही.

या विद्येचा जन्मही केंद्रातलाच आहे. आज जगभर चालणारी सक्रिय गाळाची पद्धत आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ मध्ये मांडली. दोघेही मँचेस्टरच्या डेव्हिह्यूम मैलापाणी केंद्रातले रसायनज्ञ. बाटल्यांत मैलापाणी भरून त्यात हवा सोडायची, शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांवर उजेड रोखणारं वेष्टण. पहिल्यांदा पाणी पूर्ण शुद्ध व्हायला काही आठवडे लागले. इतर प्रयोगकर्ते तळाचा गाळ फेकून देत, यांनी तो ठेवला आणि त्यावरच नवं पाणी ओतलं. असं करत आठवड्यांचं काम तासांवर आलं. त्यांना वाट दाखवणारे गिल्बर्ट फौलर पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवायला आले, हा आपला एक धागा. फेकायच्या गाळाकडे दोनदा पाहणं टेंडरच्या टेबलावर बसून सुचलं असतं असं मला वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो ऑपरेटरच्या बाजूने, आणि तो वजनदार आहे. वीस वर्षं केंद्र चालवणाऱ्याला कालचा पोरगा काय शिकवणार? अनुभवच खरा. याला उत्तर कॅनडातल्या वॉकरटन या सुमारे पाच हजार वस्तीच्या गावाने दिलं, फार महाग दिलं. मे २००० मध्ये मोठ्या पावसानंतर तिथल्या एका विहिरीत गुरांच्या शेणातले जिवाणू उतरले. सात माणसं गेली, दोन हजारांहून जास्त आजारी पडली. गावाचा पाणीपुरवठा चालवणारे दोघे वर्षानुवर्षांचे अनुभवी होते आणि त्यांची प्रमाणपत्रं परीक्षेविना, अनुभवाच्या जोरावरच मिळालेली होती. क्लोरीन न मोजता वहीत आकडा लिहायची जुनी सवय होती, आणि विहिरीचं कच्चं पाणीही चांगलंच, आपण स्वतः ते पितो, हा विश्वास होता. क्लोरीन का घालतात, हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. चौकशीनंतर ओंटारिओ प्रांताने परीक्षेशिवायची प्रमाणपत्रं बंद केली आणि २००४ मध्ये त्याच गावात प्रशिक्षण केंद्र उभं केलं. तेव्हा अनुभव हवाच, पण नुसता अनुभव चूकही तितक्याच सराईतपणे करतो.

दुसरा आक्षेप हल्ली जोरात आहे: आता सगळं स्काडावर, म्हणजे नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर, दिसतं, टाकीपाशी कशाला उभं राहायचं? पण पाण्यात बुडालेल्या ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढला की तो थरच ऑक्सिजन खातो, सेन्सर कमी दाखवतो आणि ब्लोअर पूर्ण वेगाने धावत राहतात. केंद्राच्या विजेचा अर्ध्याहून मोठा वाटा हवेवरच जातो. पडद्यावर सगळं हिरवं, बिल मात्र लाल.

तिसरी गोष्ट कुणी आक्षेप म्हणून मांडत नाही, मनातच ठेवतं. पदवी घेऊन मैल्यापाशी उभं राहायचं? घरी सांगताना ‘पर्यावरण अभियंता’ म्हणतात, एसटीपी म्हणत नाहीत. आपल्या समाजाने घाण ठरावीक जातींच्या वाट्याला टाकली, तिचा वास या संकोचाला येतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करवून घेण्यावर बंदी आहे, तरी माणसं चेंबरमध्ये उतरून मरतात. शिकलेला अभियंता चेंबरपासून लांब राहिला की खाली उतरणाऱ्याच्या जिवाचा हिशेब कुणाकडे? सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड प्रमाण वाढलं की वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. उतरणाऱ्याला वाटतं, वास गेला म्हणजे वायू गेला. नाकावर कुठवर विसंबायचं आणि गॅस मीटर कधी पुढे करायचा, हे सांगणारा माणूस तोंडाशी उभा हवा, कार्यालयात नव्हे.

खरा अवघड आक्षेप मुलांचाच आहे, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दोन वर्षं शिफ्ट केली, ठेका संपला, नवा ठेकेदार आला, बायोडेटात काय उरलं? डीपीआर केलेला सोबती तोवर दोन पगारवाढी पुढे गेला. या तक्रारीत मुलं चुकत नाहीत, शिडी चुकीची बांधली आहे. नाशिकच्या ‘मित्रा’सारख्या प्रशिक्षण संस्था आहेत, नागपूरला १९५८ पासून नीरी ही संशोधन संस्था आहे, म्हणजे शिकवायची जागा नाही असं नाही. नाही ते चालवण्याच्या वर्षांना मिळणारं माप. बांधकामाच्या मोजमाप पुस्तकासारखी चालवण्याची एक वही का असू नये, जी ठेकेदाराची नसून त्या अभियंत्याची असेल आणि ठेका बदलला तरी त्याच्याबरोबर जाईल? बांधलेल्या योजनांचे कोटी विचारणाऱ्या मुलाखतीत मग ती वही उघडता येईल. गेल्या पावसाळ्यातल्या सगळ्यात गढूळ दिवसाचं पान काढायचं आणि विचारायचं: त्या सकाळी तुरटी किती दिली, आणि तेवढीच का?