शितावरून भात

अकोले तालुक्यातील भातखाचरांच्या गावी वाढलेल्या आम्हां उभयतांना ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण कधी खोटी वाटली नव्हती. आमच्या धाकट्या लेकीच्या रक्ततपासणीने मात्र आम्हांला तिचा पुन्हा विचार करावयास लावले.

सहा महिने झाले तरी लेक मान धरीना. तळहातांवर एकेकच आडवी रेघ होती. डॉक्टरांना डाऊन सिंड्रोमची शंका आली. या अवस्थेत 21 क्रमांकाची गुणसूत्रे दोनऐवजी तीन असतात, हे 1959 साली पॅरिसमध्ये झेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. आमच्या हाती आलेला अहवाल मात्र निर्दोष होता. 20 पेशी तपासल्या होत्या व प्रत्येकीत 46 गुणसूत्रे होती. आम्ही आभाराची मिस्सा मागितली.

डॉक्टरांचे समाधान झाले नाही. ते म्हणाले, “काही मुलांच्या शरीरात दोन प्रकारच्या पेशी मोझेक फरशीच्या खड्यांसारख्या मिसळलेल्या असतात. दहांत एक पेशी वेगळी असेल, तर 20 पेशींत ती एकदाही न सापडण्याचा संभव शेकडा 12 उरतो. 30 मोजल्या तर तो शेकडा 4 होतो.” भेसळीच्या पोत्यातून एकच मूठ काढावी, तसे हे झाले होते.

संगमनेरमार्गे आम्ही पुणे गाठले. तेथे पुन्हा रक्त घेतले. राजम्यापासून काढलेले एक द्रव्य रक्तातील पांढऱ्या पेशींना विभागण्यास प्रवृत्त करते. तीन दिवस त्या वाढवून, विभाजन मध्येच थांबवून, सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे मोजतात. या वेळी 100 पेशी मोजल्या. 9 पेशींत 47 गुणसूत्रे निघाली. गालाच्या आतील पेशी रंगीत प्रकाशखुणांनी तपासल्या, तेव्हा हेच प्रमाण शेकडा 24 भरले.

“मग आमची लेक कितपत शिकेल?” आम्ही विचारले. डॉक्टर म्हणाले, “रक्ताचा आकडा रक्तापुरता आणि गालाचा गालापुरता. मेंदूतील पेशी कोणी मोजलेल्या नाहीत. भविष्य या कागदावर वाचू नका.”

घरी वडीलधाऱ्यांनी विचारले होते, “ग्रहणात भाजी चिरली होतीस का?” त्या प्रश्नाने लेकीच्या आईने कित्येक रात्री रडून काढल्या. हे मिश्रण गर्भधारणेनंतर, पेशी विभागताना घडते. ग्रहणाचा वा आईच्या वागण्याचा त्याच्याशी संबंध नाही, हे ऐकून ती प्रथमच शांत झोपली. अहवालाने आमच्यावर केलेला हा मोठाच उपकार होय.

धर्मग्रामातील कुणा कुटुंबावर असा प्रसंग आला, तर ‘किती पेशी मोजल्या?’ एवढे अवश्य विचारावे.

लेक आता चार वर्षांची आहे. चालायला उशिरा लागली, बोलते थोडे. ताटातला भात मात्र स्वतःच्या हाताने खाते. सांडलेली शिते आम्ही वेचतो, मोजत नाही.